खातरवेळ

‘पहिलं बरं दिसतंय की दुसरं?’ तिनं विचारलं, आणि खुर्चीतले गृहस्थ गोंधळले. सगळेच गोंधळतात. नाकावर ती जड ट्रायल फ्रेम, एका डोळ्यावर काळी चकती, समोर उजेडाच्या पेटीवर अक्षरांचा तक्ता आणि बाकी खोलीत अंधार. माणूस कितीही मोठ्या हुद्द्यावरचा असला तरी या खुर्चीत बसला की तोंडी परीक्षेला बसल्यासारखा आवंढे गिळायला लागतो. ‘परत दाखवा बरं,’ गृहस्थ म्हणाले. तिनं पहिलं भिंग परत घातलं, काढलं, दुसरं घातलं. ‘यात चूक-बरोबर काही नसतं हो काका,’ ती रोजच्या सवयीनं म्हणाली, ‘तुम्हाला बरं वाटेल ते सांगायचं. चष्मा तुमचा आहे.’ आणि नेमका त्याच वेळी टेबलावरचा फोन उजळला. तपासणीच्या खोलीत फोन पालथा ठेवायचा हा तिचाच नियम. आज तो उताणा राहिला होता. पडद्यावर धाकटीचं नाव होतं. धाकट्या बहिणीचं नाव त्या पडद्यावर इतकी वर्षं उमटलं नव्हतं की आधी तिच्या मनात आलं, कोण गेलं? पण जायला आता त्या दोघींखेरीज उरलं होतं कोण? तिनं मान लांब करून वाचलं. ‘खातरवेळ! ताई, तुला आठवत होतं.’ बस, एवढंच. ‘अहो बाई,’ गृहस्थ म्हणाले, ‘हे काय घातलंत? सगळं धुकं झालं की.’

गृहस्थांचा नंबर तिनं कसाबसा काढला आणि ते बाहेर फ्रेमा बघायला गेल्यावर त्यांच्याच खुर्चीत, त्यांच्या उबेत, बसून राहिली. खातरवेळ. हा शब्द कुठल्या कोशात नाही. तो एका खिडकीतला शब्द आहे. आई कारखान्यातून पाळी संपवून यायची, तोवर त्या दोघी पोरी त्या खिडकीत गजांना गाल लावून बसायच्या. दिव्याच्या बटणाला हात लावायची बंदी होती, कारण धाकटीला एकदा त्या बटणाचा झटका बसला होता आणि आईनं दोघींना शपथ घातली होती की मी आल्याशिवाय दिवा लावायचा नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी साऱ्या इमारतीत उजेड व्हायचा आणि यांची खोली तेवढी काळी राहायची, पडलेल्या दातासारखी. मोठीनं शाळेच्या पुस्तकातून नवा शब्द आणला होता, कातरवेळ. धाकटीनं तो ऐकला खातरवेळ. ‘खातर म्हणजे?’ असंही विचारलं. आणि मोठीनं, मोठ्या बहिणी देतात तसं, माहीत नसताना ठणठणीत उत्तर दिलं: ‘कुणाच्या तरी खातर थांबायचं ना, ती वेळ.’ पुढे तोच शब्द घरात रुळला. आईसुद्धा दारातून आत येताना म्हणायची, ‘आले गं बायांनो, संपली खातरवेळ,’ आणि खटकन दिवा लावायची. शब्द धाकटीचा, अर्थ मोठीचा, आणि तो संपवायचा अधिकार आईचा, अशी ती वाटणी होती. निदान आज संध्याकाळपर्यंत तरी तिच्या डोक्यात ती वाटणी अशीच पक्की होती.

गोम वेगळीच होती. तिला आठवत नव्हतं. म्हणजे आता, तो संदेश वाचल्याबरोबर, सगळं गंजक्या गजांच्या वासासकट आठवलं. पण मासिकात परवा छापून आलेली ती कथा लिहिताना? छे. कथा एका निवृत्त टपालवाल्याची होती, तो संध्याकाळी स्वतःच्याच दारात येऊन बसतो आणि आपल्याला कोण पत्र आणून देणार याची वाट बघतो. तिनं सांगितलं होतं ते साधं होतं: कातरवेळ झाली की तो दाराशी येऊन बसायचा. ‘सांगितलं होतं’ असंच म्हणायला हवं, कारण हल्ली ती लिहीत नव्हती. उजवा खांदा धरल्यापासून तिला चार ओळींच्या पुढे पेन चालवता येत नव्हतं, तेव्हा दुकानातल्या पोरीनं तिच्या फोनवर ते लिहून घेणारं, नीट करून देणारं, विचारलं तर सल्लाही देणारं यंत्र बसवून दिलं होतं. तिनं त्याला नाव ठेवलं चिटणीस. दुकानातून घरी चालत जाताना आणि मग तिसऱ्या मजल्याचे जिने चढताना ती चिटणीसाला कथा सांगायची. लोकांना वाटायचं बाई फोनवर कुणाशी तरी भांडतायत. चिटणीस आज्ञाधारक होता, हस्ताक्षराला तोड नव्हती, फक्त कानानं जरा कमी होता. कपाट म्हटलं की खपाट लिहायचा, काकूंना खाकू करायचा. ‘बहिरटा,’ असं त्याला म्हणून ती घरी गेल्यावर ते सगळे ख परत क करत बसायची. मग म्हणायची, आता हा परिच्छेद जरा सुधारून दे, दोन प्रकारांनी दे. तो दोन प्रकारांनी द्यायचा. पहिला बघायची, दुसरा बघायची, परत पहिला बघायची. कुठल्याशा क्षणी एकात सगळं स्वच्छ दिसायचं आणि ती तो उचलायची. दिवसभर लोकांना जे विचारायचं तेच संध्याकाळी कुणीतरी आपल्याला विचारतंय, याची तिला गंमत वाटायची. चष्मा तुमचा आहे. कथा तुमची आहे. बरं वाटेल ते सांगायचं.

आणि त्या दिवशी दुसऱ्या प्रकारात आलं होतं: ‘खातरवेळ झाली की तो दाराशी येऊन बसायचा. खातरवेळ दिव्यांची नसते; ज्याच्या खातर थांबायचं, त्याची असते.’ पहिलं वाक्य तिचं, बहिऱ्या कानानं ऐकलेलं. दुसरं वाक्य तिनं सांगितलेलंच नव्हतं. चिटणीसानं आपल्याच चुकीला अर्थ लावला होता आणि पुढे रेटून नेलं होतं. तो ख तिच्या नजरेतून सुटला, की तिनं बघून मुद्दाम ठेवला? ती आठवायला गेली तर तिला स्वयंपाकघरातला ओटा आठवला, गॅसवरचं दूध आठवलं, दूध उतू जाईल म्हणून एक डोळा तिकडे होता हे आठवलं, ‘वा!’ असं आपण मोठ्यानं म्हणालो हे आठवलं. पण ‘वा’ कशाला म्हणालो, ते काही केल्या आठवेना. आपला शब्द भेटल्याची ती वा होती, की अनोळखी सुंदर शब्द भेटल्याची? चिटणीसानं आवाज ठेवलेला नव्हता. शब्द ठेवून आवाज टाकून द्यायची त्याची रीत होती. संपादकबाईंनी फोन करून त्याच वाक्याचं कौतुक केलं होतं: ‘हे वाक्य तुमच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं.’ त्यांनी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही, ‘थँक्यू’ म्हणाली आणि नंतर तासभर उगीच कपाटं आवरत बसली. खपाटं.

पण संपादकबाईंचं एक, धाकटीचं दुसरं. धाकटीपुढे ‘थँक्यू’ म्हणून सुटता येत नव्हतं. कारण धाकटीचं बोलणं तुटलं होतं ते कथेवरूनच. मोठीची पहिलीवहिली कथा, हातानं लिहिलेली, खाडाखोडीची, चिटणीस वगैरे कुणी नव्हतं तेव्हाची. त्यात एक बाई होती. तिचा नवरा सोडून गेल्यावरही ती रोज झोपताना उशाशी पाण्याचे दोन ग्लास भरून ठेवायची, आणि सकाळी उठल्यावर आधी स्वतःचा प्यायची, मग वाया जाऊ नये म्हणून त्याचा. कथा आवडली लोकांना. जो तो त्या दोन ग्लासांबद्दल बोलला. धाकटीनं फोन केला तेव्हा तिचा आवाज इतका शांत होता की आधी वाटलं अभिनंदन करतेय. ‘ताई, ते ग्लास माझे होते. मी तुला रडत सांगितलं होतं ते.’ आणि ती, जिनं ते वाक्य लिहिताना धाकटीचाच चेहरा डोळ्यांपुढे ठेवला होता, ती बेधडक म्हणाली, ‘अगं काहीतरीच काय! कथा आहे ती. सगळं कल्पनेतलं असतं.’ धाकटी म्हणाली, ‘बरं.’ त्या एका ‘बरं’नंतर वर्षं गेली. आधी महिन्याचे फोन वाढदिवसावर आले, मग वाढदिवसही गेले. एकाच शहरात, दोन टोकांना, दोघी बहिणी एकमेकींना टाळून म्हाताऱ्या होत चालल्या.

म्हणजे जेव्हा खरोखर उचललं होतं तेव्हा ती कानांवर हात ठेवून मोकळी झाली. आणि आता, जेव्हा तिनं काही उचललंच नव्हतं, बहुधा नव्हतं, तेव्हा धाकटी हात पुढे करून म्हणत होती, तुला आठवत होतं. या हिशेबाचा धागा तिला कुठून धरावा ते कळेना. ‘हो, आठवत होतं’ म्हणावं तर बहीण परत मिळते, आणि खोटं बोलून मिळते. ‘नाही गं, यंत्राला ऐकू कमी येतं’ म्हणावं तर खरं बोलल्याचं पुण्य, आणि बहीण पुन्हा ‘बरं’ म्हणणार. आणि त्यात गंमत अशी की दोन्हींतलं खरं कुठलं, तेही तिला माहीत नव्हतं. चुकून खरं बोललो तर? विसरलो असं सांगितलं आणि विसरलो नसलो तर?

दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर तिनं, मोठ्या शरमेनं, चिटणीसालाच विचारलं. म्हणाली, बहिणीला उत्तर द्यायचंय, बरीच वर्षं बोललो नाही, दोन प्रकारांनी लिहून दे. त्यानं दिलं. पहिलं हळवं होतं, दुसरं हलकंफुलकं. दोन्ही इतकी छान होती की वाचता वाचता तिचेच डोळे भरून आले, आणि डोळे भरून आले म्हणून तिला इतका राग आला की तिनं फोन पालथा टाकला. स्वतःच्या बहिणीला लिहायला मेलं आपल्याजवळ एक वाक्य नाही! मग तिनं डाव्या हाताच्या अंगठ्यानं, एकेक अक्षर शोधत, स्वतः लिहिलं: ‘हो का’. त्यापुढे प्रश्नचिन्ह द्यावं की नाही यावर विचार करत असताना चुकून ते गेलं. ‘हो का’. झालं! ही हिची स्वतंत्र रचना. लगेच उत्तर आलं: ‘संध्याकाळी दुकानात येते. तुझी कथा वाचताना अक्षरं डोळ्यांपुढे नाचत होती. नंबर काढून दे.’

‘आज लेखिकाबाईंचं लक्ष नाही,’ मालक काउंटरवरून म्हणाले. मालकांना बोलण्याची हौस, विनोदाची त्याहून जास्त. ‘मघाच्या गृहस्थांना म्हणालो, आमच्या बाई कथा लिहितात, त्यात तुम्हाला घालतील. तर घाबरून दोन चष्मे घेऊन गेले.’ 

‘मी कुणाला घालत नाही हो.’

‘अहो घाला की! मला घाला. पण केस दाखवा जरा.’ मालकांच्या डोक्यावर केस म्हणून जे काही होतं ते कानांवरच होतं. ती हसली, आणि हसता हसता मनात म्हणाली, यांना कथेत घातलं आणि केस दाखवले, तर ते केस कुणाचे?

धाकटी आली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागायच्या बेतात होते. दारातून कुणीतरी बाई आत आली, केस अर्धे पांढरे, खांद्याला कापडी पिशवी, चालताना एक पाय किंचित आत. आणि ‘या ना, काय दाखवू?’ हे शब्द ओठांवर येईपर्यंत तिला ओळख पटली नव्हती. चेहऱ्याआधी पाय ओळखू आला. आईचा पाय होता तो. 

‘ताई,’ धाकटी म्हणाली.

‘चिमे,’ ती म्हणाली. आणि मालक लगेच मदतीला धावले. ‘बहीण का? नाक तेच आहे! फ्रेमला फार चांगलं नाक. बसली तिथे बसली.’

आतल्या खोलीत तिनं धाकटीला खुर्चीत बसवलं, खोलीतला दिवा घालवला, तक्त्याची पेटी लावली. कामानं तिला नेहमी सावरलं होतं, आजही सावरलं. ट्रायल फ्रेम धाकटीच्या नाकावर ठेवली, कानांमागे काड्या सरकवल्या. कानामागचा तो तीळ जागच्या जागी होता. उजव्या डोळ्यावर काळी चकती घातली. धाकटी एका डोळ्यानं समोर बघत बसली, शाळेतल्यासारखी पाठ ताठ करून. ‘वाच वरपासून.’ धाकटी वाचत गेली. खालून दुसऱ्या ओळीशी अडखळली. ‘र... व...’ त्या ओळीत एक ख आहे. निम्मं जग त्याला रव म्हणतं. एक अक्षर की दोन, तेच धूसर डोळ्याला कळत नाही. ती कधी कुणाला सुधारत नाही. रव तर रव. भिंग बदलायचं आणि परत विचारायचं. तिनं भिंग बदललं. 

‘आता?’

‘ख,’ धाकटी म्हणाली, आणि फ्रेमच्या मागून तिचा तेवढा एक डोळा हसला. ‘खातरवेळचा ख.’

आता बोलायला हवं होतं. अंधार होता हे बरं होतं, आणि धाकटीला एकच डोळा होता हेही. ‘चिमे, ऐक,’ ती म्हणाली, हातातलं भिंग उगीचच पुसत. ‘तो शब्द मला आठवला नव्हता. मी कातरवेळच म्हटलं होतं. खांदा धरलाय ना माझा, मी यंत्राला सांगते आणि ते लिहितं. त्याला ऐकू नीट येत नाही. त्यानं चुकून ख लिहिला. आणि ते पुढचं वाक्य आहे ना, ज्याच्या खातर थांबायचं ते, तेही त्यानंच लिहिलं. मी फक्त... ठेवलं. ठेवलं की राहिलं, तेही मला धड सांगता येत नाही. तुझा शब्द मला आठवला म्हणून तू आलीस. तर ते तसं नाहीये.’ बोलून झाल्यावर तिला वाटलं, हेही दोन प्रकारांनी करून घ्यायला हवं होतं.

बाहेर मालक कुणाला तरी ‘नाकावर दहा वर्षं कमी दिसतात’ असं सांगत होते. तिनं स्वतःशी मोजायला सुरुवात केली होती त्या ‘बरं’ची वाट बघत, पण धाकटी म्हणाली ते वेगळंच होतं. 

‘माझा शब्द?’

‘तुझाच ना. मी कातरवेळ म्हणायची, तू खातरवेळ ऐकलंस.’

‘वेडी की काय तू!’ धाकटीनं मान वळवली, फ्रेम तिरकी झाली. ‘ऐकायची कसली? तू म्हणायचीसच खातरवेळ! लहानपणी तुला दमा होता. खिडकीत चढून बसलीस की धाप लागायची तुला, आणि धाप लागली की तुझ्या तोंडून एक क धड बाहेर पडायचा नाही. खाय खरतेस, खुठे गेली होतीस. आई अन् मी हसायचो. आठवत नाही? खरंच? अगं, मला वाटलं तो शब्दच तसा आहे. मी शाळेत निबंधात लिहिला, बाईंनी लाल शाई मारली. तुझ्यामुळे.’

तिला काही आठवत नव्हतं. दमा आठवत होता. छातीवर शेकायची विटेची ऊब आठवत होती. पण स्वतःचा आवाज कुणाला आठवतो? तो आपण आतून ऐकतो. आतून तर तिचा प्रत्येक क कायम कच होता. तिला एकदम ते जिने दिसले, तिसऱ्या मजल्याचे, पन्नाशीतले गुडघे, तोंडाशी धरलेला फोन. कपाट, म्हणत होती ती, प्रत्येक पायरीला एक श्वास सोडत. कपाट, काकू, कातरवेळ. बिचारा चिटणीस. वर्षभर त्याला बहिरटा म्हणून घेतलं, आणि तो अक्षर न अक्षर ऐकत होता की काय? मग तो शब्द तिनंच उच्चारला होता म्हणायचा. पण उच्चारणं म्हणजे श्वासच की तो, धापच की. धापेला कुणी लेखिका म्हणेल का? आणि पुढचं वाक्य? ते तर तिनं नक्की म्हटलं नव्हतं.

‘पण ते वाक्य माझं नाही, चिमे. ते त्याचंच.’

‘वा! ते तर तू मला खिडकीत सांगितलंस. मी विचारलं, खातर म्हणजे काय, तर तू असा चेहरा करून म्हणालीस, दिव्यांची नसते ती, ज्याच्या खातर थांबायचं त्याची असते.’

‘मी? एवढ्या वयात? एवढं जुळवून?’

‘तू कायमच जुळवून बोलायचीस. डोकं उठायचं.’

‘हे तुला आधीपासून आठवत होतं,’ तिनं विचारलं, ‘की कथा वाचल्यावर आठवलं?’

धाकटी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिनं तो एक डोळा मिटला, बराच वेळ मिटून धरला. ‘आता कसं सांगू?’ ती हळूच म्हणाली. ‘काल वाचलं आणि मला खिडकी दिसली. खिडकीत तू दिसलीस. तुझं तोंड हलत होतं, आणि हेच शब्द येत होते. आता ते शब्द काढून टाकून बघितलं तर... तुझं तोंड हलताना दिसतं. पण ऐकू काही येत नाही.’ मग थोडी चिडून म्हणाली, ‘तू ना, असले प्रश्न विचारून माणसाचं होतं नव्हतं ते घालवतेस. चांगलं आठवत होतं मला.’

‘सॉरी,’ ती म्हणाली. आणि तो शब्द तोंडातून सुटलाच आहे तर जाता जाता त्याच्याकडून दुसरंही काम करून घ्यावं म्हणून, ‘ग्लासांबद्दल पण. ते तुझेच होते. मला माहीत होतं. विचारायला हवं होतं.’

‘मला माहीत होतं तुला माहीत होतं.’ धाकटीनं फ्रेम नाकावर सरळ केली. ‘विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. राग त्याचाच होता. आणि कथा चांगली होती, त्याचाही. मी ग्लास भरायचे सोडले त्यानंतर. रोज रात्री वाटायचं, मी तुझ्या कथेतल्या बाईची नक्कल करतेय.’

यावर हसावं की रडावं ते ठरवायच्या आत दोघी हसायला लागल्या. आधी धाकटी, फ्रेम गदगदा हलवत, मग ती, खुर्चीच्या पाठीला धरून. मालकांनी पडद्यातून डोकं घालून ‘आमच्याबद्दल का?’ असं विचारलं आणि उत्तर न मिळताच ‘असणारच’ म्हणून निघून गेले. हसू ओसरल्यावर धाकटीनं फ्रेम काढली, उठली, तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. ‘आता तू बस. तुझे कोण तपासतं?’

‘कुणी नाही. मला तक्ता पाठ आहे.’

‘असू दे. वाच.’ धाकटीनं फ्रेम तिच्या नाकावर चढवली, उलटी, मग सुलटी, आणि पेटीतलं हाताला लागलं ते भिंग त्यात टाकलं. समोर धुकं झालं. तिनं वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. कुठे अडखळली नाही. शेवटची ओळ, जी या खुर्चीतून धडधाकट तरुण पोरांनाही लागत नाही, ती ओळही तिनं धडाधड म्हणून टाकली. अक्षरं तिला अगदी स्पष्ट दिसत होती. एकेक काळंभोर, कडा धारदार. धुक्यातून इतकं स्वच्छ कसं दिसतंय, याचं तिला आश्चर्य वाटलं. दिसतंय म्हणून म्हणतेय, की म्हणतेय म्हणून दिसतंय? तिनं आयुष्यभर लोकांना विचारलं होतं, पहिलं की दुसरं, आणि लोक किती गोंधळायचे, त्यांचा तिला मनातून थोडा कंटाळाही यायचा. साधा तर प्रश्न. आता तिला त्या सगळ्यांना एकेकाला गाठून सांगावंसं वाटलं, की खरंच हो, दोन्ही सारखंच दिसतं.

‘ताई,’ धाकटी म्हणाली, ‘डोळे मिटलेत की गं तू.’

तिनं डोळे उघडले. धाकटीनं मध्येच तक्त्याची पेटी बंद केली होती. कधी, ते तिला कळलं नव्हतं. खोलीत पडद्याच्या फटीतून येणारा रस्त्यावरचा उजेड तेवढा होता, ना धड दिवस ना धड दिवा. समोरच्या इमारतीत एकेक खिडकी पिवळी होत होती. धाकटी भिंतीशी बटणापाशी उभी होती, बोट बटणापासून चांगलं वीतभर लांब ठेवून, जणू अजून झटका बसेल. खुर्चीत बसलेल्या तिची मात्र हसण्यानं लागलेली धाप अजून निवली नव्हती.

‘लावू का गं दिवा?’ धाकटीनं विचारलं.

‘कशाला?’ ती धापेतच म्हणाली.

धाकटीनं हात खाली घेतला. मग अंधारात तिच्या हसण्याचा आवाज आला, बारीक, नाकातून, खिडकीतल्या पोरीसारखा.

‘काय झालं? काय म्हणाले मी?’

‘काही नाही,’ धाकटी म्हणाली. ‘परत म्हण.’